पक्कं मडकंही पाझरतं

अंगणातल्या कारंज्यासाठी सुनेने लाल मातीचा रांजण आणला आणि आतून इपॉक्सीचे दोन हात दिले. आता पाणी झिरपणार नाही, बाहेरून क्षारांचा पांढरा थर चढणार नाही. कारंज्याला ते योग्यच. पिण्याच्या माठाला मात्र मी तो लेप लावू देणार नाही. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येतं, वाऱ्यावर उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. माठाचा गारवा या झिरपण्यातूनच येतो.

तेरचे गोरोबाकाका जातिवंत कुंभार. संतांमध्ये कोण कच्चं, कोण पक्कं, हे त्यांनी थापटण्याने पारखलं, अशी कथा आहे. ती ऐकताना मला नेहमी आठवतं, की आव्यातून निघालेलं पक्कं मडकंही पाझरतंच. दुसऱ्याच्या दुःखाने ओलं न होणाऱ्या वैराग्यावर म्हणूनच माझा विश्वास नाही.