प्रमाण आणि प्रतिकृति

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें नवा छंद धरावा कीं नाहीं, हा प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. पण त्यांतल्या बहुतेकांनीं उत्तर आधींच ठरवून ठेवलेलें असतें. तीर्थयात्रा, बागकाम, फार तर संगीतश्रवण, हे या वयास शोभणारे छंद म्हणून समाजानें मान्य केले आहेत. विमानें, रणगाडे व जहाजें यांच्या हुबेहुब लहान प्रतिकृती तयार करण्याचा छंद मात्र या यादींत अजून बसलेला नाहीं. प्राध्यापक म्हणविणाऱ्या गृहस्थाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांच्या शेजारीं वीतभरहि नसलेलें विमान, चिमटा, कानस आणि रंगाच्या इवल्या बाटल्या दिसल्या, म्हणजे पाहुण्याच्या चेहऱ्यावर जें स्मित उमटतें त्याचा अर्थ सांगावयास भाष्यकार नको. ‘पोरखेळ’ हा एकच शब्द त्यांत असतो.

हा आक्षेप मला फारसा बोचत नाहीं, कारण तो निम्मा खरा आहे. आपल्याकडे दिवाळीच्या सुटींत मुलें अंगणांत दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवितात, आणि बाजारांतून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर उभे करतात. त्या किल्ल्यांत मावळा दरवाजापेक्षां उंच असतो, वाघ बालेकिल्ल्याएवढा असतो, आणि शिखरावरील महाराज तर साऱ्या गडाहून मोठे दिसतात. मुलाला यांत कांहींच खटकत नाहीं. ज्याची थोरवी अधिक त्याचा आकार अधिक, हा त्याच्या सृष्टीचा नियम होय. प्रौढाचा खेळ निराळा होतो तो येथेंच. त्यांत पहिली अट प्रमाणाची. १/७२ हें प्रमाण एकदां पत्करलें कीं सहा फुटांचा एक इंच होतो. मग ते सहा फूट पंखाचे असोत, तोफेचे असोत कीं माणसाचे असोत. कोणाच्या थोरवीसाठीं कोणाला अर्धा मिलिमीटरहि वाढवून मिळत नाहीं.

नवशिक्यानें प्रारंभ कोठून करावा, याविषयीं जाणत्यांचें बहुधा एकमत असतें. एका इंजिनाचें, थोड्या भागांचें लहान विमान घ्यावें. पहिल्याच उडीस चार इंजिनांच्या बाँबफेकी विमानाला हात घालूं नये. संचांतील भाग प्लास्टिकच्या चौकटीला इवल्या देठांनीं जोडलेले असतात. ते पिरगळून तोडूं नयेत, कटरनें देठ कापून उरलेली गांठ कानशीनें घासावी. प्रत्येक सांधा आधीं कोरडा जुळवून पाहावा. हा उपदेश वाटतो त्यापेक्षां महत्त्वाचा आहे, कारण या कामांतला नेहमींचा द्रव म्हणजे खळ किंवा डिंक नव्हे. तो पॉलिस्टायरीनचे दोन्ही कांठ विरघळवितो, ते एकमेकांत मिसळतात, आणि द्रव उडून गेला म्हणजे दोहोंचा एकच पदार्थ होऊन बसतो. मग माघार नाहीं. सगळी जोडणी झाली कीं करड्या रंगाचें पातळ अस्तर द्यावें. डोळ्यांना निर्दोष वाटलेल्या पृष्ठभागावरील ओरखडे आणि फटी तें अस्तर निष्ठुरपणें दाखवून देतें.

ज्याचा सारा जन्म शब्दांवर गेला आहे, त्याला या निष्ठुरपणाचें मोल विशेष वाटावें. वर्गांत एखादा युक्तिवाद ढिला पडला तर आवाज किंचित् चढवून, एखादें अवतरण फेकून वेळ मारून नेतां येते. ही विद्या माझ्या व्यवसायांत सर्वांनाच थोडीफार साधलेली असते. पंख आणि धड यांच्यामधील पाव मिलिमीटरची फट मात्र वक्तृत्वानें बुजत नाहीं. ज्याला पंचवीस वर्षें कोणी ‘हें चुकलें’ असें म्हटलेलें नाहीं, त्याला पुन्हां विद्यार्थी करून सोडणारी ही शाळा आहे. आणि तिच्यांत आणखी एक विलक्षण गोष्ट शिकावयास मिळते. वैमानिकाचें आसन, त्याचे पट्टे, समोरच्या तबकड्या हें सारें धडाचे दोन अर्ध जोडण्यापूर्वींच रंगवावें लागतें, कारण नंतर तेथें हात पोंचत नाहीं. धड मिटलें कीं त्यांतलें बरेंचसें पुन्हां कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. तरीहि जाणते लोक तें मन लावून रंगवितात. जें दिसणार नाहीं तेंहि खरें असावें, ही त्यांची निष्ठा.

येथवर छंदाची बाजू मांडली. पण जी निष्ठा न दिसणाऱ्या पट्ट्यालाहि सोडीत नाहीं, तिला एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे: ती कशाशीं असते? दुकानांतील फळीवर नजर टाकावी. मोटारी आहेत, गलबतें आहेत. एअरफिक्स कंपनीनें १९५२ सालीं ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा लहानसा संच काढला तेव्हांपासून तींहि आहेत. पण फळीचा मोठा भाग स्पिटफायर, मेसरश्मिट, झीरो, टायगर यांनीं व्यापलेला असतो. हीं माणसें मारण्यासाठीं घडविलेलीं यंत्रें आहेत. त्यांच्यावर जुनेपणा चढविण्याची एक स्वतंत्र कलाच आहे: इंजिनाच्या धुराचे काळे पट्टे, तेलाचे ओघळ, उडालेला रंग, सांखळ्यांत अडकलेला वाळका चिखल. ही सारी सत्यनिष्ठा पाहून मन थक्क होतें. गंज असतो, चिखल असतो. रक्त मात्र क्वचितच असतें.

‘पोरखेळ’ म्हणणाऱ्याला उत्तर देणें सोपें होतें. हा आक्षेप तसा नाहीं. माझे एक इतिहास शिकविणारे सहकारी आहेत. टेबलावर नवें विमान दिसलें कीं ते त्याच्या रंगाची तारीफ करतात आणि मग सहज विचारतात, “यानें कोणाला मारलें?” विचारण्यांत कुत्सितपणा नसतो, म्हणूनच प्रश्न टाळतां येत नाहीं.

या छंदाची आणि युद्धाची सोयरीक केवळ विषयापुरती नाहीं. १/७२ प्रमाणांतले प्लास्टिकचे पहिले संच १९३६ सालीं इंग्लंडांत निघाले. तीं विमानें उडत नसत म्हणून त्यांचें नांव ‘पेंग्विन’ ठेवण्यांत आलें होतें. पुढें १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें शाळाशाळांतील मुलांना याच प्रमाणांत लांकडी विमानें कोरून देण्यास सांगितलें. मागणी पांच लाख नगांची होती. त्यांत स्वपक्षाचीं विमानें होतीं तशींच शत्रूचींहि. हिशेब साधा आहे: असें विमान ३५ फुटांवर धरलें, तर तें सुमारें अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानासारखें दिसतें. तोफेवरच्या शिपायानें तें पाहून आकृति मनांत ठसवावी, आणि आकाशांत तशीच आकृति दिसतांच ‘हें तें’ म्हणून ओळखावें. आमच्या नैयायिकांनीं उपमान हें स्वतंत्र प्रमाण मानलें, त्याचें याहून चोख उदाहरण मला माहीत नाहीं. गवय गाईसारखा असतो असें ऐकलेला नागरिक रानांत जातो, प्राणी पाहतो आणि ओळखतो. फरक इतकाच, कीं त्या नागरिकाला गवय ओळखून पुढें कांहीं करावयाचें नसतें.

शब्दाची गंमत पाहावी. आपल्या भाषेंत ‘प्रमाण’ म्हणजे माप, आणि ‘प्रमाण’ म्हणजेच यथार्थ ज्ञानाचें साधन. एकाच शब्दांत मापाचा खरेपणा आणि ज्ञानाचा खरेपणा एकत्र नांदतात. प्रतिकृति करणारा पहिला अर्थ डोळ्यांत तेल घालून संभाळतो, दुसऱ्याचें काय?

ॲरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत एक निरीक्षण नोंदविलें आहे, कीं प्रेतें किंवा हीन प्राणी प्रत्यक्ष पाहतांना ज्याला क्लेश होतात, तोच मनुष्य त्यांचें हुबेहुब चित्र आनंदानें पाहतो. कारण ओळखण्यांत, जाणण्यांत सुख आहे. छंदाच्या बचावासाठीं हें वचन पुढें करण्याचा मोह होतो. पण त्यांतलें अर्धेंच आपल्या उपयोगाचें आहे. प्रेताच्या चित्रांत प्रेत असतें. रणगाड्याच्या प्रतिकृतींत प्रेत नसतें. क्लेश देणारी वस्तुच तेवढी बाहेर राहिलेली असते.

या कोड्याचें सर्वांत सुंदर चित्र, माझ्या मतें, लॉरेन्स स्टर्न यानें १७५९ ते १७६७ या काळांत प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरींत आहे. तींतले अंकल टोबी नामूरच्या वेढ्यांत जखमी होऊन परतलेले गृहस्थ. मन इतकें कोमल, कीं नाकाशीं गुणगुणणारी माशीहि मारवत नाहीं, खिडकी उघडून सोडून देतात. हेच टोबी कॉर्पोरल ट्रिम या आपल्या सेवकाच्या मदतीनें घरच्या हिरवळीवर तट, खंदक, मोर्चे प्रमाणशीर उभारतात, आणि मार्लबरोच्या फौजेनें तिकडे जें शहर वेढलें तें इकडे वेढतात. युट्रेक्टचा तह होऊन खरें युद्ध थांबतें तेव्हां या दयाळू माणसाला दुःख होतें, आणि आपल्याला युद्ध कां हवें होतें याचें समर्थन भावापुढें करावें लागतें. वाचक हंसतो, टोबींवर प्रेम करतो. परंतु स्टर्ननें मध्यें एक गोष्ट घालून ठेवली आहे. ट्रिमनें लहान तोफा ओतण्यासाठीं घरच्या सरकत्या खिडकीला तोलून धरणारीं शिशाचीं वजनें काढून घेतलेलीं असतात; ती खिडकी एके दिवशीं धाडकन् खालीं येते आणि घरांतल्या लहान मुलाला जखम होते. खेळांतल्या तोफांनीं कोणाला मारलें नाहीं, हें अगदींच खरें नाहीं.

आतां टोबींच्या हिरवळीवरून एका खऱ्या संग्रहालयांत जाऊं. तेथें हाच प्रश्न एकास एक या प्रमाणांत उभा राहिला होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर बाँब टाकणारें ‘एनोला गे’ हें बी-२९ जातीचें विमान अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेनें खिळान् खिळा तपासून पूर्ववत् केलें. १९९५ सालीं, त्या घटनेला पन्नास वर्षें होत असतां, विमानाचें धड आणि हिरोशिमा-नागासाकी येथील जळके अवशेष एकत्र मांडण्याचा बेत होता. माजी सैनिकांच्या संघटनांनीं विरोध केला. त्यांची बाजूहि हलकी नव्हती: जपानवर स्वारी झाली असती तर मरणारे आम्ही होतों, आणि आतां उतारवयांत आम्हांला गुन्हेगार ठरवूं नका, असें त्यांचें म्हणणें. जानेवारींत तो बेत रद्द झाला आणि पुढें विमानाचें धड मोजक्या माहितीसह दाखविण्यांत आलें. २००३ सालीं संपूर्ण विमान व्हर्जिनियांतील शँटिली येथें मांडण्यांत आलें, तेव्हां शेजारच्या फलकावर लांबी, रुंदी, वेग व बाँब टाकल्याचा उल्लेख होता, मृतांचा आंकडा नव्हता. अनेक विद्वानांनीं त्याबद्दल तक्रार केली. विमान चकचकीत, एकूणएक खिळा जागच्या जागीं. न्यून असेल तर तें फलकांत.

या विमानाचीं चिन्हें देणारे संच १/७२ प्रमाणांतहि मिळतात. पंखांची लांबी १४१ फूट, म्हणजे प्रतिकृतींत जवळजवळ ६० सेंटिमीटर. ज्याला तें करावयाचें असेल त्यानें जरूर करावें. पण प्रमाण पाळावयाचें तर पूर्ण पाळावें. १/७२ मध्यें मनुष्य सुमारें २.४ सेंटिमीटर उंच होतो, आणि त्याला उभें राहावयास एक चौरस सेंटिमीटर जागा दाटीवाटीनें पुरते. हिरोशिमांत १९४५ च्या अखेरपर्यंत मेलेल्यांचा अंदाज सुमारें १,४०,००० असा सांगतात. तितक्या आकृती खांद्याला खांदा लावून उभ्या केल्या तर १४ चौरस मीटर जागा लागेल. आमच्या मध्यमवर्गीय घरांतला दहा फूट बाय पंधरा फुटांचा दिवाणखाना सगळा भरून जाईल. विमान ठेवायला मात्र भिंतीवरची फळी पुरे.

हें गणित मीं सहकाऱ्यांस सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “मग हा छंद सोडा.” तें मला पटत नाहीं. सोडल्यानें फळीवरची जागा रिकामी होईल. हिशेब रिकामा होणार नाहीं. जर्मनींत नाझींच्या स्वस्तिकाचें प्रदर्शन कायद्यानें निषिद्ध आहे, म्हणून पुष्कळ संचांत विमानाच्या शेपटीवरचें तें चिन्ह नसतेंच, किंवा दोन तुकड्यांत दिलेलें असतें. कायद्याचा हेतु मी जाणतों. तरीपण चिन्ह गाळलेलें तेंच विमान फळीवर किती निरागस दिसतें, हें पाहिलें म्हणजे गाळण्याचा उपाय मला शंकास्पद वाटतो. उलट, ज्यानें एखाद्या विशिष्ट विमानाचा क्रमांक आपल्या हातानें त्याच्या शेपटीवर चढविला, त्याला तें कोणत्या दिवशीं कोठें गेलें होतें हें शोधण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. पुस्तकांतून युद्ध वाचणाऱ्या कितीकांना हें बंधन वाटत नाहीं.

परक्यांच्या युद्धाविषयीं असे प्रश्न विचारणें सोपें असतें. खरी परीक्षा आपल्या पक्षाची. १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानी सेबर विमानांचा हल्ला चालू असतां फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनीं आपलें नॅट विमान उडविलें, एकट्यानें झुंज दिली आणि ते त्यांत पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें. नॅटची प्रतिकृति हातांत घेतली कीं दिवाळीच्या किल्ल्यावरचा मुलगा मनांत जागा होतो, आणि आपला वीर शत्रूपेक्षां मोठा दिसावा असें वाटूं लागतें. पण प्रमाण आडवें येतें. नॅटचे पंख सुमारें २२ फूट, सेबरचे सुमारें ३७. १/७२ मध्यें एक साडेनऊ सेंटिमीटरचेंहि नाहीं, दुसरें साडेपंधराच्या वर. शेजारीं ठेवलीं तर आपलें विमान त्याच्यापुढें खेळण्यासारखें दिसतें, आणि त्या सकाळीं तें उडविणें म्हणजे काय होतें, हें तेव्हांच कळतें.

एक गोष्ट नवशिक्याला आधींच सांगून ठेवली पाहिजे. वैमानिकाची आकृति बसवावी कीं नाहीं, हें डोक्यावरची पारदर्शक झांकणी चिकटविण्यापूर्वीं ठरवावें लागतें. पुष्कळजण ती बसवीत नाहींत, कारण तिच्यामुळें मेहनतीनें रंगविलेलें आसन झांकलें जातें. कधीं ती संचांत नसतेच, निराळी आणावी लागते. बसलेला मनुष्य दीड सेंटिमीटरच्या आंतबाहेर असतो. त्याचा चेहरा रंगवितांना श्वास रोखून धरावा लागतो, आणि चाळिशी नाकावर असूनहि भिंग घ्यावें लागतें. माझ्या नॅटमध्यें तो बसविला आहे. सेबरमध्येंहि.