सातबाऱ्यावरचं वैराग्य

‘जमीन कुणाच्या बापाची नसते’ हे वाक्य मी रहिमतपुरात लहानपणापासून ऐकत आले. कीर्तनात ऐकलं, मयताच्या घरी बसलेल्या बायाबापड्यांत ऐकलं, बांध कोरल्यावरून जुंपलेल्या भांडणात मिटवायला आलेल्याच्या तोंडून ऐकलं. बोलणाऱ्याच्या नावावर चार-दोन एकर बहुतेक असायचीच. वडील गेले, वारसनोंद झाली, आई, दोघं भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी अशी पाच नावं सातबाऱ्यावर चढली. मग हेच वाक्य आमच्या सोप्यात खास माझ्यासाठी बोललं गेलं. मामा म्हणाले, “आक्का, जमीन काय कुणी संगं घिऊन जातंय व्हय? भावांस्नी सही दिऊन टाक.” कागद होता हक्कसोड पत्राचा. मामांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर माझ्या आईचं नाव नाही. तिनं तिच्या वेळी मुकाट सही केली होती. मी म्हटलं, “मामा, कुणीच संगं नेत नाही, तर माझं नाव तिथं राहिल्यानं तुम्हांला जड का होतंय?” मामांनी चहा मागवला.

अडचण अशी की मामांचं वाक्य खोटं नाही. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, त्यामुळे हा वाद किती जुना आहे हे मला ठाऊक आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात, विश्वजित यज्ञाची चर्चा येते. हा यज्ञ करणाऱ्यानं आपलं सर्वस्व दक्षिणेत द्यायचं. मग प्रश्न निघाला, राजानं हा यज्ञ केला तर त्यानं पृथ्वीही द्यावी का? दक्षिणेच्या हिशोबातला हा प्रश्न, पण उत्तर थेट राजाच्या मुळावर येतं. देता येणार नाही, कारण ती त्याची नाहीच. जमीन सगळ्यांना सारखी. शबरस्वामी या सूत्रांवरच्या भाष्यात एक भेद करतो. एकेका शेताचे धनी माणसं असतात, ते दिसतंच. सबंध पृथ्वीचा धनी मात्र कुणी दिसत नाही. राजा राखण करतो, त्या बदल्यात पिकातला वाटा घेतो, एवढंच. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूखा’त हाच धागा धरला. मूळ पैठणचं आणि काशीला स्थायिक झालेलं हे घराणं. राज्य जिंकलं म्हणून शेतं जिंकणाऱ्याची होत नाहीत, त्याला कराचा हक्क मिळतो, असं ते सांगतात. मुंबईचं हायकोर्ट हिंदू कायद्यात ज्या ग्रंथांना मान देई, त्यांत मयूख होता.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ‘जमीन तुझी नाही’ हे इथं राजाला सांगितलं आहे. जमीन कसणाऱ्याला नाही.

रहिमतपूरसारख्या गावात राजांचं येणंजाणं डोळ्यांसमोरच असतं. विजापूरच्या रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर आणि मशीद इथं आहे. जवळच हत्तीनं मोट ओढायची म्हणून बांधलेला पाण्याचा उंच मनोरा आहे. आदिलशाही गेली, साताऱ्याची गादी आली, 1848 मध्ये ती खालसा होऊन कंपनी सरकार आलं. प्रत्येकानं दप्तर नव्यानं लिहून घेतलं. भागवताच्या बाराव्या स्कंधात पृथ्वी अशा राजांना हसते: मला जिंकायला निघालेत, आणि स्वतः मात्र मरणाच्या हातातली खेळणी! पुराणिकबुवा हा भाग रंगवून सांगायचे, लोक माना डोलवायचे. राजांना हसणं सोपं असतं.

इंग्रजांनी 1879 च्या जमीन महसूल कायद्यात शेतकऱ्याला मालक म्हटलं नाही, कब्जेदार म्हटलं. आपल्या 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही शब्द आहे भोगवटादार, वर्ग एक आणि वर्ग दोन. सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हेच. उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची, एवढंच त्याचं वजन. रस्त्याला, कालव्याला, धरणाला जमीन लागली की सरकार मोबदला ठरवतं आणि घेतं. कोयनेच्या लोकांना विचारा, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट पाण्याखाली जायला किती वेळ लागतो.

आमच्या जमिनीचा कागद तर आणखी बोलका आहे. आजोबा या जमिनीत कूळ होते. मालक साताऱ्याला राहायचे, खंड घ्यायला सुगीत यायचे. 1948 चा कूळकायदा झाला, त्यात पुढे दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं खरेदीदार मानलं गेलं. मग कलम 32 ग खाली किंमत ठरली, आजोबांनी ती हप्त्यांनी फेडली आणि 32 म चं प्रमाणपत्र मिळालं. ते आईनं पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलं आहे. घड्यांवर विरलेलं, शाई तांबूस झालेली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे. म्हणजे 2014 च्या दुरुस्तीपर्यंत ती परवानगीशिवाय विकता येत नव्हती. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आमच्या घरात असं कागदावर आलं. आजोबांनी मालकाला ‘जमीन कुणाच्या बापाची नसते’ असं ऐकवलं असेल, तर ते त्यांनी पदरात काही नसताना, घामाच्या जोरावर ऐकवलं. पण खुरपणी, भांगलण, मळणी यांत आजी होती, आत्या होत्या. प्रमाणपत्रावर नाव एकच आलं.

विनोबांकडे मी म्हणून वेगळ्या आदरानं बघते. तरुणपणी ते आमच्या जिल्ह्यात, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, शास्त्रं शिकून गेले. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणात पोचमपल्लीला दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिली. पुढची कित्येक वर्षं विनोबा पायी हिंडून हवा-पाण्यासारखीच जमीनही देवाची आहे असं सांगत राहिले. सांगितलं कुणाला? ज्यांच्याकडे होती त्यांना. दानात आलेली बरीच जमीन खडकाळ किंवा कोर्टकज्ज्यातली निघाली, हेही खरं. देणाऱ्याचा हात शेवटी आखडतोच. तरी ईश्वराची मालकी सांगून बहिणीची सही मागणं आणि तीच मालकी सांगून जमीनदाराकडे जमीन मागणं, यांतला अध्यात्माचा शब्द एक असला तरी धर्म एक नाही.

इथवर माझी बाजू भक्कम आहे. पुढे ती तेवढी भक्कम राहत नाही, कारण आता जमीन आम्ही कुणीच कसत नाही. एक भाऊ पुण्यात, दुसऱ्याचं दुकान. जमीन खंडानं दिली आहे, आल्याला. आल्याचं पीक असं की एकदा घेतलं त्याच रानात लगेच पुन्हा घेतलं तर कंदकूज लागते, म्हणून आलेवाला दरसाल नवं रान शोधत फिरतो. अक्षय तृतीयेच्या सुमारास तो येतो, गादीवाफे पाडतो, ठिबकच्या नळ्या पसरतो, बेणं लावतो. पुढचे आठ-नऊ महिने त्या मातीची नाडी त्याला कळते तशी आम्हां पाचांत कुणाला कळत नाही. वाफ्यात बोटं खुपसून तो ओल बघतो, कंद उकरून वास घेतो. शबरस्वामी शेताच्या धन्याबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या नजरेसमोर असाच माणूस असणार, तालुक्याला जाऊन उतारा काढणारा नव्हे.

या माणसाशी आमचा लेखी करार नाही. कागद केला तर उद्या कूळ लागेल, असं भाऊ म्हणतात. गावात सगळेच म्हणतात. कूळ म्हणून जमीन मिळालेल्या आजोबांची आम्ही नातवंडं, आणि कुळालाच भितो! कागद नाही म्हणून पीककर्ज त्याला मिळत नाही. अतिवृष्टीत वाफ्यांत पाणी साचून कंद सडले, पंचनामा झाला, तर भरपाई सातबाऱ्यावरच्या नावांना येते. बेणं त्याचं, खत त्याचं, कर्ज सावकाराचं, पैसे आमच्या खात्यात.

मागच्या पावसाचे असे पैसे आले आहेत. एक भाऊ म्हणतो, खंडात वळते करू. दुसरा म्हणतो, बघू. मी म्हणते, सगळे त्याला द्यायचे आणि यंदा कागदही करायचा. हे म्हणायला मला जागा आहे, कारण माझं नाव अजून त्या उताऱ्यावर आहे. आईनं अजून मत दिलेलं नाही. बहीण माझ्याकडून आहे, पण भावाच्या पोरीचं लग्न होईपर्यंत ते कुणाला सांगू नकोस म्हणते.