धूर हलत नाही

चित्र टेबलावर ठेवा. दिवा जरा बाजूला सरकवा.

बघा.

रात्र आहे. मिसर देशातलं वाळवंट, सपाट, लांबच लांब. दगडाचा भलामोठा स्फिंक्स आकाशाकडे तोंड करून बसलाय. त्याच्या पुढच्या दोन पंजांमध्ये मरिया झोपली आहे. कुशीत बाळ येशू.

खाली वाळूवर योसेफ आडवा झालाय. जवळ विझत आलेली शेकोटी. थोड्या अंतरावर गाढव.

खरं सांगते, माझी नजर आधी गाढवावरच जाते. सगळे झोपलेत आणि ते आपलं खुरटं गवत शोधतंय.

आता धूर बघा. शेकोटीतून निघालेली एक बारीक रेघ सरळ वर चाललीय. कुठेच वाकत नाही. एवढ्या उघड्यावर वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही.

श्वास घ्या. हळू सोडा. इतका हळू, की तो धूर हलू नये.

थांबा.

ल्यूक-ऑलिव्हिए मर्सन या फ्रेंच चित्रकाराने हे दृश्य 1879 मध्ये तैलरंगात रंगवलं. आपल्यासमोर आहे ते त्याचं एचिंग. नुसती शाई आणि कागद. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने ओढलेल्या रेघा. पत्रा ॲसिडमध्ये बुडवला की रेघांपुरतंच तांबं खाल्लं जातं. त्या खाचांत शाई भरायची, बाकीची पुसून घ्यायची, वर कागद दाबायचा.

म्हणजे हा सगळा काळोख रेघांचा आहे. आडव्या, तिरप्या, एकीवर एक. डोळे अगदी जवळ न्या.

आणि बाळाभोवतीचा उजेड?

तिथे सुई जवळजवळ फिरकलेलीच नाही. तो कागद आहे.

तिथे थांबा. घाई नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफाला स्वप्न पडतं. ऊठ, हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलाय. तो रातोरात निघतो, मिसरला जातो. वाटेत कुठे टेकले, आधी कोणाचा डोळा लागला, यावर एक शब्द नाही. गाढवाचंही नाव नाही. तिथेही कागद कोराच.

पुन्हा योसेफाकडे बघा. त्या रात्री त्याला झोपेतून उठावं लागलं होतं. आता झोपलाय. झोपू द्या.

खांदे सैल सोडा. जबडाही.

कान द्या. गाढवाच्या दातांखाली गवत मोडतंय, तेवढंच.

राखेखाली एखादा निखारा अजून लाल असेल. शाईत तो कळत नाही.

धूर सरळ आहे.