बापाचे ताट

गर्भवतीने काय खावे आणि काय वर्ज्य करावे, याविषयी आपल्याकडे सल्ल्यांची टंचाई कधीच नव्हती. पपई नको, ग्रहणात विळी हाती धरू नको, डोहाळे मात्र सांग. सासू, आत्या, शेजारीण, ज्यांना ज्यांना तोंड आहे त्या सर्वांचा तेथे अधिकार चालतो. त्याच घरात होणाऱ्या बापाने आदल्या वर्षी काय खाल्ले, याची चौकशी कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मूल अशक्त निघाले तर आईचे खाणेपिणे काढायचे. बापाचे ताट हा त्याचा खासगी मामला. गेल्या पाव शतकात शास्त्रज्ञांनी हे ताट पुढे ओढून त्यात डोकावण्यास आरंभ केला आहे, आणि तेथे जे दिसले त्यामुळे एक जुनाच नैतिक प्रश्न नव्या रूपाने आमच्यापुढे उभा राहिला आहे.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्याहून सावध होते, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. चरकाने शारीरस्थानात गर्भाधानापूर्वी पुरुषाला मधुर औषधींनी सिद्ध केलेले तूप-दूध आणि स्त्रीला तेल व उडीद सांगितले आहेत. बृहदारण्यकाच्या अखेरच्या अध्यायात विशिष्ट गुणांची संतती इच्छिणाऱ्या दांपत्यासाठी तूप घातलेल्या भाताचे निरनिराळे प्रकार आहेत. विदुषी कन्या हवी असेल तर तिळाचा भात. आणि तेथे खाण्याचे क्रियापद द्विवचनात आहे. दोघांनी खायचे! हे द्विवचन पुढे कोठे गळून पडले कोण जाणे. मात्र एवढ्यावरून 'आमच्या ऋषींना सर्व ठाऊक होते' असा डंका पिटण्यास आम्ही तयार नाही. ऋषींपाशी अनुमान होते. पुरावा निराळी चीज आहे, आणि तो, योगायोगाने, नोंदी लिहिणाऱ्यांनी जमवला.

त्याआधी युरोपने या विचाराला दारच लावून घेतले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या पिढ्यामागून पिढ्या छाटल्या, तरी पिल्ले आपली शेपटीसकटच जन्मास आली. देहाच्या सुखदुःखांची वार्ता बीजपेशींपर्यंत पोहोचतच नाही, असा सिद्धान्त त्याने मांडला. बापमंडळींची ही मोठीच सोय झाली. जनुके द्यायची ती देऊन मोकळे व्हायचे; देणाऱ्याने आयुष्यभर काय गिळले याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नाही.

स्वीडनच्या उत्तर टोकाला, ध्रुववृत्तालगत, नॉरबॉटन प्रांतात ओव्हरकालिक्स नावाचा विरळ वस्तीचा परगणा आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे पीक बुडाले की बाहेरून धान्य येणे दुरापास्त, आणि पिकले की हिवाळाभर पोटास तडस लागेपर्यंत खाणे. १८२१ साली पीक साफ बुडाले आणि १८२२ साली रगड आले, असेही तेथे घडले आहे. कोण जन्मले, कोण वारले हे चर्चच्या वह्यांत नोंदलेले होते. पिकांचे आणि धान्यभावाचे आकडेही जपलेले होते. ज्या कोणी थंडीत बोटे चोळीत या नोंदी केल्या असतील, त्यांच्याविषयी आम्हांला व्यवसायबंधूचा जिव्हाळा वाटतो. आपला कागद दीडशे वर्षांनी कोणी उघडील, असे नोंद करणाऱ्याला कधीच वाटत नसते.

लार्स ओलोव्ह बिग्रेन, गुन्नार काती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उघडला. १८९०, १९०५ आणि १९२० साली तेथे जन्मलेल्या ३०३ व्यक्ती घेतल्या, प्रत्येकीचे आईबाप व चौघे आजीआजोबा शोधले, आणि त्या पूर्वजांच्या बालपणी शिवारात काय पिकले होते ते ताडून पाहिले. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चमत्कारिक होता. वडिलांकडच्या आजोबाने नऊ ते बारा या वयात, म्हणजे मुलगा झपाट्याने वाढू लागण्यापूर्वीच्या संथ काळात, भरपेट पिकाची वर्षे पाहिली असतील, तर नातवंडांत मधुमेहाशी निगडित मृत्यूचे प्रमाण चौपट आढळले. उलट बापाचे ते वय टंचाईत गेले असेल, तर मुलांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी. ३०३ हा आकडा लहान आहे, आणि कोणीही शंका घ्यावी इतका लहान आहे. म्हणून २०१८ साली डेनी वोगेरो यांच्या गटाने उप्साला येथील अकरा हजारांहून अधिक नातवंडांची हीच तपासणी केली. मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धागा तेथे सापडला नाही. पण आजोबाच्या त्याच वयातले भरघोस पीक आणि नातवांचे, केवळ मुलग्यांचे, वाढलेले मृत्यू, विशेषतः कर्करोगाने झालेले, हा संबंध पुन्हा दिसला. म्हणजे तपशील हलला, पण दार किलकिले राहिले ते राहिलेच.

हे घडते कसे? कार्यालयीन उपमेने सांगायचे तर मूळ कागद बदलत नाही, समासातला शेरा बदलतो. जनुकांची अक्षरे तीच राहतात. त्यांवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणा आणि शुक्रपेशींबरोबर जाणारे आरएनएचे बारीक तुकडे यांवरून कोणते प्रकरण उघडायचे आणि कोणते दप्तरी दाखल करायचे हे ठरते. यालाच एपिजेनेटिक वारसा म्हणतात. गर्भधारणेनंतर यांतील बहुतेक खुणा पुसल्या जातात, हे खरे. पण 'बहुतेक' म्हणजे 'सर्व' नव्हे, हे आम्हां नोकरदारांना परिपत्रके वाचून ठाऊक आहे. २०१० साली ऑलिव्हर रँडो यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत नर उंदरांना कमी प्रथिनांचे अन्न दिले, तर पिल्लांच्या यकृतातील चरबीशी संबंधित जनुकांचे काम पालटले. त्याच वर्षी सिडनीत मार्गारेट मॉरिस यांनी नरांना स्निग्ध पदार्थांनी लठ्ठ केले, तर त्यांच्या मादी पिल्लांत इन्शुलिन स्रवण्यात दोष दिसला. या बापांचा संगोपनात वाटा नव्हता. तेव्हा 'वळण वाईट लागले' हे स्पष्टीकरण चालत नाही.

माणसात शुक्रपेशी तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. सरकारी भाषेत जवळजवळ एक तिमाही. चिरंजीवांच्या जन्माआधीच्या वर्षी आम्ही बदलीच्या गावी एकटेच राहत होतो, आणि त्या काळातील आमचा आहार म्हणजे कचेरीबाहेरच्या गाडीवरचे छोले-भटुरे, दिवसाकाठी सात-आठ कप साखरेचा चहा आणि रात्री कंटाळा आला की पाव. हीच आमच्या पितृत्वाची पूर्वतयारी! त्या वेळी हे ज्ञान छापून झालेले होते, फक्त आमच्या टेबलावर आले नव्हते. एवढ्यापुरता दोष आम्ही पत्करतो, कारण ते ताट आमच्या हातात होते.

परंतु ओव्हरकालिक्सच्या दहा वर्षांच्या पोराचे काय? पीक त्याने आणले नव्हते आणि बुडवलेही नव्हते. बापाने केलेल्या अधर्माचे फळ त्याला नाही मिळाले तर पुत्राला, पुत्राला नाही तर नातवाला मिळते, असे मनुस्मृती म्हणते. तेथे निदान अधर्म तरी आहे. येथे कर्त्याशिवाय कर्म आणि पापाशिवाय फळ. आमच्या मते शास्त्राची ही गोष्ट कर्मसिद्धान्ताला पुष्टी देणारी मुळीच नाही. ज्या समाजाने 'बीजशुद्धी'च्या नावाखाली शतकानुशतके माणसे पारखली, त्याच्या हाती हे नवे कोलीत पडू नये याची आम्हांला धास्ती वाटते. उद्या वधूवरांच्या पत्रिकेबरोबर आजोबांच्या बालपणीचे पर्जन्यमान मागितले गेले, तर आम्हांला नवल वाटणार नाही.

आणि याहून अवघड पेच पुढेच आहे. या आकड्यांत भरल्या ताटाने नातवाचे नुकसान झालेले दिसते आणि रिकाम्या ताटाने क्वचित भले. मग नातवाच्या आयुर्मानासाठी दहा वर्षांच्या मुलाला अर्धपोटी ठेवावे काय? प्रश्न उच्चारताच त्याचे उत्तर मिळते, आणि ते उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेले नसते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, तो कोणाच्या नातवाचा विचार करून नव्हे. समोर बसलेले पोर भुकेले होते म्हणून. समोरचे पोर हे संभाव्य नातवाहून वडील आहे, वयाने आणि हक्कानेही. त्या ताटात काय वाढावे, हे ठरवताना शास्त्राने अवश्य बोलावे. वाढावे की नाही, यात त्याला मत नाही.

हे सारे आम्ही इतक्या आवेशाने लिहितो याला कारण आहे. आमचे वडील, आबा, १९७२ साली दहा वर्षांचे होते. बीडकडचे कोरडवाहू गाव. त्या दुष्काळात राज्यभर १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती; आमची आजी त्यांपैकी एक, खडी फोडायला. आबा तिच्यामागे जात. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, आणि कामावर सुखडी. पुढे आबा शिकले, नोकरीला लागले, आणि आजतागायत त्यांच्या ताटात शीत राहिलेले आम्ही पाहिले नाही. आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. म्हणजे स्वीडनमधल्या त्या वह्यांतला नेमका आजोबा आणि नेमका नातू आमच्याच घरात आहेत. दर हिवाळ्यात गावाकडून येणाऱ्या कोणाच्याही हाती आबा या नातवासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा धाडतात.

मागच्या रविवारी दूरध्वनीवर आम्ही त्यांना हा सर्व प्रकार सांगितला. मध्ये न बोलता त्यांनी ऐकून घेतले.

"मिलोची भाकरी गार झाली की चामड्यासारखी व्हायची," ते म्हणाले. "मी अर्धी खाऊन अर्धी आईसाठी ठेवायचो. पोट भरलं म्हणून सांगायचो. ते लिहिलंय का तुझ्या त्या वह्यांत?"

नाही, आम्ही म्हणालो.

"बरं. पोरगं जेवलं का?"

आत्ताच जेवला, थोडा वरणभात टाकून उठला, असे आम्ही सांगितले. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, तो टाकलेला भात कोणी खाल्ला.

आम्हीच खाल्ला होता.