रंगाचा देव्हाराही रिकामा करा



धम्मदीक्षा घेतल्यावर तुम्ही घरातला देव्हारा रिकामा केला. पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले टाक आणि मुखवटे बाहेर गेले. भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आली. हे काम सोपे नव्हते. म्हातारी माणसे कचरत होती, देवीचा कोप होईल असे शेजारी बजावत होते. तरी तुम्ही ते धैर्याने केले. परंतु आपल्या घरांतून अजून एक देव्हारा शिल्लक आहे. त्यात मूर्ती नाही, म्हणून तो ध्यानात येत नाही. तो देव्हारा गोऱ्या रंगाचा आहे.

त्याची पूजा रोज चालते. सून गरोदर राहिली की मूल गोरे व्हावे म्हणून तिला केशराचे दूध देतात. मूल जन्मले की मुलगा की मुलगी हे विचारून होताच दुसरा प्रश्न येतो, "रंग कुणाचा घेतलाय?" मुलगी पाहावयास गेलेली मंडळी कांदेपोहे खातात आणि निघताना म्हणतात, "मुलगी शिकलेली आहे, नाकीडोळी नीटस आहे, पण रंगात जरा मार खाते." आतल्या खोलीत ती मुलगी हे ऐकत असते. तिच्या शिक्षणाची, कष्टांची, शीलाची किंमत त्या एका वाक्याने शून्य होते. लग्न बौद्ध पद्धतीने लावावयाचे, त्रिसरण-पंचशील म्हणावयाचे आणि वधूची निवड मात्र कातडीवरून करावयाची, याला धम्माचरण म्हणावे काय?

ही रंगाची पूजा आली कोठून, हे समजून घ्या. दीघनिकायात अग्गञ्ञ सुत्त आहे. श्रावस्तीला महाउपासिका विशाखेने बांधलेल्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळात जन्मलेले दोघे जण भिक्खू होण्याच्या इच्छेने राहत होते. तुमचे जातभाई तुमची निंदा करीत असतील ना, असे तथागतांनी त्यांना विचारले. ते म्हणाले, होय. ब्राह्मण हाच श्रेष्ठ आणि शुभ्र वर्ण, बाकीचे हीन आणि काळे, असे ते आम्हांला ऐकवतात. पालीतील 'वण्ण' या शब्दाचा एक अर्थ रंग आणि दुसरा अर्थ वर्ण. गोरे ते उच्च आणि काळे ते नीच हे समीकरण जाहिरातवाल्यांच्या कितीतरी आधीचे आहे. चातुर्वर्ण्याच्या मुळाशीच ते पुरलेले आहे.

त्याच सुत्तात तथागत पुढे एक कथा सांगतात. आरंभी पृथ्वीवर एक गोड रस होता. प्राणी तो चाखू लागले, तशी त्यांची शरीरे जड झाली. काही दिसावयास चांगले झाले, काही तसे राहिले नाहीत. चांगले दिसणारे इतरांना तुच्छ लेखू लागले आणि त्या गर्वापायी तो रस पृथ्वीवरून नाहीसा झाला. ही कथा अक्षरशः घ्यावयाची नाही. तिचा बोध घ्यावयाचा आहे. ज्या घरात रूपाचा गर्व शिरतो, त्या घरातला रस आटतो. दोन बहिणींपैकी एक गोरी म्हणून कौतुकाची आणि दुसरी सावळी म्हणून काळजीची, असे झाले की त्या घरात गोडवा उरत नाही.

विज्ञान याविषयी काय सांगते तेही पाहा. कातडीत मेलॅनिन नावाचे द्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या काळ्या व गोऱ्या माणसांत जवळपास सारखीच असते; फरक पडतो तो द्रव्य किती आणि कसे तयार होते यात. कडक उन्हाच्या प्रदेशात हेच द्रव्य कातडीचे रक्षण करते. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणून लपवितो, ती शरीराने आपल्यासाठी धरलेली छत्री आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हेच दाखविले. पशुपक्ष्यांत, झाडाझुडपांत जन्मतः जातीची खूण असते. माणसांच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, रंगात तशी खूण सापडत नाही.

मग बाजार काय करतो? आधी लाज उत्पन्न करतो आणि मग लाजेवरचे औषध विकतो. मुंबईत १९१९ साली 'अफगाण स्नो' निघाले. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली आणि पुढे घरोघरी पोहोचली. तिच्या जाहिरातींतून काळी मुलगी उदास, गोरी झालेली मुलगी नोकरीला लागलेली किंवा लग्न ठरलेली, असे चित्र वर्षानुवर्षे दाखविले गेले. २००५ साली पुरुषांसाठीही वेगळी क्रीम आली. म्हणजे मुलगेही या बाजारातून सुटले नाहीत. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेने नियम घातला की काळ्या रंगाची व्यक्ती दुःखी वा अपयशी दाखवू नये. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द गेला आणि 'ग्लो' आला. त्याच वर्षी लग्न जुळविणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगावरून निवड करण्याची सोय काढून टाकली. डबीवरचे नाव बदलले, पण आपल्या मनातला दर बदलला काय? आज तर मोबाइलचा कॅमेरा न सांगताच चेहरा उजळ करून देतो आणि आपली लेक त्या खोट्या चेहऱ्याशी आपला खरा चेहरा ताडून पाहते.

यात शरीराचीही हानी आहे. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये पारा आढळला आहे. तो मूत्रपिंडाला अपाय करतो. काही जणी स्टेरॉइडचे मलम महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावतात; त्याने कातडी पातळ व लाल होते, चेहऱ्यावर केस येतात. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून असे मलम लावू नका.

मनाची हानी याहून खोल आहे. तथागतांनी 'मान' नावाच्या विकाराचे तीन प्रकार सांगितले: मी इतरांहून श्रेष्ठ आहे, मी इतरांच्या बरोबरीचा आहे आणि मी इतरांहून हीन आहे. तिसरा प्रकार नीट लक्षात घ्या. 'मी काळी, मी कमी' असे म्हणणे ही नम्रता नव्हे. तेही बंधनच आहे. हजारो वर्षे आपल्याला जे शिकविले गेले, तेच आता आपण आरशासमोर उभे राहून स्वतःला शिकवीत आहोत.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही नीटनेटके राहावयास सांगितले होते. होय, सांगितले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, जाडजूड दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. दुसऱ्यांनी लादलेली खूण उतरवून टाकण्याचा तो उपदेश होता. कातडी ही लादलेली खूण नव्हे. ती आईबापांनी दिलेली आहे. स्वच्छ राहणे हा स्वाभिमान आहे, पण रंग बदलावयास धावणे ही पुन्हा ताबेदारीच होय.

संघात लकुंटक भद्दिय नावाचे स्थविर होते. ते बुटके होते, दिसावयास बेढब होते. काही भिक्खू त्यांना हिणवीत. तथागतांनी त्या भिक्खूंना सांगितले की हा भद्दिय थोर सामर्थ्याचा आहे, प्रव्रज्येचे अंतिम ध्येय त्याने गाठले आहे. मधुर वाणीच्या भिक्खूंमध्ये त्यांना अग्रस्थान दिले. धम्मसंघात माणसाची पारख अशी होत असे.

तेव्हा येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर घरातल्या सर्वांनी बसून काही गोष्टी ठरवा. मुलाच्या वा मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत, परिचयपत्रात रंगाचा उल्लेख करावयाचा नाही. स्थळ पाहताना रंग विचारणाऱ्याला सौम्य शब्दांत, पण स्पष्ट उत्तर द्यावयाचे. 'काळे', 'काळुंद्री' अशी हाक घरात लाडानेसुद्धा मारावयाची नाही. आणि मुलगी आरशासमोरून उदास होऊन वळली, तर आईने व बापानेही तिच्याजवळ बसून तिचे ऐकून घ्यावयाचे.

बाविस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती प्रतिज्ञा सभेत पाळणे सोपे आहे. स्वतःच्या लेकीकडे, सुनेकडे पाहणाऱ्या आपल्या नजरेत ती उतरली म्हणजे दीक्षा पुरी झाली.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!