मोजणं आणि मांडणं

मुलांच्या शिक्षणाच्या 'असर' या पाहणीचा अहवाल आला की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. 'असर'च्या चाचणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. गुणाकाराचा वेगळा प्रश्न त्यात नाही, पण पाढा येत नसेल तर भागाकार अडतो आणि मग दोष कुणाचा यावर लेखण्या सरसावतात. एक बाजू म्हणते, पाठांतर सोडलं म्हणून हे झालं. पावकी-निमकी-दिडकीच्या आठवणी निघतात. या मंडळींशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना मुलांच्या गणितापेक्षा स्वतःचं बालपण परत हवं असतं. दुसरी बाजू अधिक शहाणी दिसते, म्हणून तीच नीट तपासायला हवी. ती म्हणते, मुलाच्या हातात वस्तू द्या. घरातल्या घरात चिंचोके, बिया, खडे खेळू द्या. गुणाकार आपोआप कळेल. नंदुरबारबद्दल बोलताना तर हे हमखास ऐकू येतं. २०११च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात सर्वांत मागे राहिलेला हा जिल्हा. दहातले जवळपास सात जण आदिवासी, घरात भिली, पावरी नाहीतर मावची. तिथे पुस्तकापेक्षा चिंचोका बरा, असा त्यामागचा हिशेब.

चिंचोक्याशी माझं भांडण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला महागड्या साधनांच्या जागी पानं, बिया, खडे आणले, तेव्हापासून ही वाट मराठी शिक्षणाच्या ओळखीची आहे. भांडण आहे ते 'आपोआप' या शब्दाशी. मुलाला चार-चार चिंचोक्यांचे सहा ढीग करायला सांगा. ते करील. एकूण किती, विचारा. बोट ठेवत एक, दोन, तीन करत ते चोवीसपर्यंत येईल; मधे एखादा निसटला तर पुन्हा पहिल्यापासून. हात चालले, मूल रमलं, उत्तर बरोबर आलं, फोटोही छान निघाला. गुणाकार मात्र झालाच नाही, मोजदाद झाली. गुणाकारात चाराचा गठ्ठा हाच 'एक' धरावा लागतो, आणि सुटे चिंचोके समोर असताना तसं धरण्याची मुलाला गरजच पडत नाही. शिवाय चाराचे सहा ढीग आणि सहाचे चार ढीग हे त्याच्या लेखी दोन वेगळे खेळ असतात. दोन्हीकडे चोवीसच का, हे ढिगाकडे कितीही पाहिलं तरी दिसत नाही.

आता तेच चोवीस चिंचोके पाटावर सहा ओळींत चार-चार असे मांडा. मूल उठून पाटाच्या शेजारच्या बाजूला बसलं की त्याच्यासमोर सहा-सहाच्या चार ओळी असतात, आणि एकही चिंचोका हललेला नसतो. पुढे सात ओळींत आठ-आठ ठेवा आणि पाचव्या ओळीखाली एक काडी आडवी टाका. वर चाळीस, खाली सोळा. 'सात आठे छप्पन्न' उद्या विसरलं तरी ते आता पुन्हा उभं करता येतं. म्हणून मोजायचं साहित्य आणि मांडायचं साहित्य असा भेद केल्याशिवाय या वादाला तोंड फुटूच नये, असं मला वाटतं. वस्तू तीच असेल, काम वेगळं. मराठीत गणित सोडवण्याआधी आपण ते 'मांडतो', हे किती नेमकं आहे! पालकच शिकलेले नाहीत, ते काय शिकवणार, या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. नंदुरबारमधल्या शहाद्याच्या बाजूला पपई लावणारा शेतकरी रोपं एकेक मोजत बसत नाही. ओळी किती आणि ओळीत झाडं किती, यावरून तो आकडा काढतो.

'हाताने केलं की कळतं' म्हणणारे ब्राझीलचा दाखला देतात. तो पुरा वाचावा. तेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. ३५ला एक, तर दहा नारळ केवढ्याला, असं विचारल्यावर बारा वर्षांच्या विक्रेत्या मुलाने शून्य जोडलं नाही. तिनांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, मग ३१५, मग ३५०, असा तो गेला. काडी आडवी टाकण्याचाच हा प्रकार, फक्त मनातल्या मनात. पण बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्या या मुलांना तशीच उदाहरणं नुसत्या अंकांत दिली, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदींनी केलेला अभ्यास २०२५मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याचाही निष्कर्ष असाच, आणि शाळेत हुशार ठरलेली मुलं बाजारी हिशेबात तितकीच अडखळली. म्हणजे हातातलं गणित आपल्या पायाने कागदावर चालत येत नाही, त्याला आणावं लागतं. ढीग कागदावर उतरवला तर ठिपक्यांची गर्दी होते. ओळी मात्र चौकटीच्या वहीत जशाच्या तशा उतरतात, आणि त्यांच्याशेजारी ७ × ८ लिहिलं की त्या चिन्हाला अर्थ येतो. त्यानंतर पाढे पाठ करावेत, जरूर करावेत. 'छप्पन्न'सारख्या संख्या 'पन्नास सहा' अशा वाचायच्या, या २०१९मधल्या बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावरून केवढा गदारोळ झाला होता! पण पावरी बोलणाऱ्या मुलाला 'छप्पन्न'मध्ये पन्नास कुठे आणि सहा कुठे, हे ऐकून कसं कळावं? चाळीस आणि सोळा त्याला त्याच्या भाषेत सांगता येतात.

राहिला प्रश्न साधनांचा. नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांचं घर तेवढे महिने फडाशेजारच्या पालात असतं. गणिताची पेटी शाळेच्या कपाटात राहते, आणि ती बरोबर नेली तरी तिच्यातले मणी मोजायलाच वापरले जाणार असतील तर उपयोग शून्य. ओळी मांडायला सपाट जमीन पुरते. आणि किराणा दुकानात अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतोच. त्यात सहा-सहा खळग्यांच्या पाच ओळी असतात. रिकामा झाला की तो मागून घ्या.