अपुरा शेवट आणि आपली घाई

मे महिन्यात मौद्याच्या उन्हात दुपारी कोणी बाहेर पडत नाही. गेल्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील काही मुलेमुली दुपारच्या वेळी सभागृहात जमत असत. एके दिवशी त्यांनी एक जपानी चित्रपट पाहिला आणि तो संपताच त्यांच्यात मोठा वाद जुंपला. निवाडा करण्यासाठी आम्हांस बोलावणे आले. न पाहिलेल्या चित्रपटाचा निवाडा कसा करावा? म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांच्या शेजारी बसून आम्हीही तो पाहिला. आरंभी कौतुकापोटी पाहिला, पुढे मात्र गंभीर होऊन.

जादूची शक्ती लाभलेल्या शाळकरी मुलींच्या चित्रकथा जपानमध्ये १९६० च्या दशकापासून लोकप्रिय आहेत. 'मादोका माजिका' ही २०११ सालची बारा भागांची मालिका त्याच घराण्यातली, परंतु तिचा स्वभाव बाळबोध नाही. या कथेत मुलीची एक इच्छा पूर्ण होते, आणि मोबदल्यात तिने जन्मभर चेटकिणींशी लढायचे असते. पुढे कळते ते भयंकर आहे : निराशेने खचलेली मुलगी स्वतःच चेटकीण होते. शेवटी मादोका नावाची मुलगी अशी इच्छा मागते, की भूतकाळातील आणि भविष्यातील एकाही मुलीच्या वाट्याला हा शेवट येऊ नये. त्याची किंमत म्हणून ती माणूस राहत नाही. विश्वाचा एक नियम होऊन जाते. आईवडीलही तिला विसरतात. तिची मैत्रीण होमुरा मात्र तिला विसरत नाही.

मुलांनी पाहिलेला चित्रपट २०१३ सालचा, या मालिकेतला तिसरा. त्यात होमुराला सोडवून नेण्यास आलेल्या मादोकाचा हात होमुरा घट्ट धरते, तिच्यातील मानवी अंश हिसकावून घेते आणि एक नवे जग रचते. त्या जगात मादोका पुन्हा साधी शाळकरी मुलगी आहे, आपल्या माणसांत आहे. मात्र आपण काय अर्पण केले होते, हे तिला आठवत नाही. होमुरा स्वतःला सैतान म्हणवते. अखेरच्या दृश्यात ती अर्ध्या चंद्राखाली कड्यावर एकटी बसलेली दिसते, आणि मग स्वतःला खाली झोकून देते. तेथे चित्रपट संपतो.

मुलांचे प्रश्न आम्ही फळ्यावर लिहून घेतले. मादोकाशिवाय तो नियम चालतो कसा? तिला एक दिवस सारे आठवेल का? होमुराचे पुढे काय झाले? आणि सर्वांत मोठा प्रश्न : तिने केले ते प्रेमापोटी की हव्यासापोटी? एक मुलगा वैतागून म्हणाला, "फादर, एवढं सगळं दाखवलं आणि उत्तरच दिलं नाही. ही फसवणूक नाही का?"

त्या मुलाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या आजीच्या कहाण्या 'सुफळ संपूर्ण' झाल्याशिवाय संपत नसत. ऐकणाऱ्याचा तो हक्कच होता. शिवाय काही प्रश्नांचे उत्तर देणे हे कथाकाराचे कर्ज असते. स्वतः उभारलेल्या जगाचे नियम त्याने सांभाळले पाहिजेत. तो नियम कसा चालतो, हा प्रश्न त्या जातीचा. असे कर्ज बुडवून वर त्यालाच कला म्हणणारे लेखकही असतात. परंतु होमुराच्या मनात प्रेम होते की हव्यास, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर घटनेत सापडत नाही, ते एका अंतःकरणात आहे. हा भेद मुलांना कसा समजावून सांगावा, याचा विचार करताना आम्हांस एका मराठी चित्रपटाची आठवण झाली.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ सालचा. त्याला उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि संपादक वीरा साथीदार यांनी केली होती. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या साथीत नागपुरातच त्यांचे निधन झाले. चित्रपटात मुंबईच्या गटारात वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराचा मृतदेह सापडतो. शाहिरावर आरोप येतो, की त्याचे गाणे ऐकून या कामगाराने आत्महत्या केली. पुढे कामगाराची विधवा साक्ष देते. नवऱ्याने असे काही बोलून दाखवल्याचे तिला आठवत नाही. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता, दुर्गंधी सोसावी म्हणून तो दारू पिऊन गटारात उतरत असे, संरक्षणाची साधने त्याला मिळालीच नव्हती. शाहिराला जामीन मिळतो, पुन्हा अटक होते. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, न्यायाधीश सहकुटुंब सहलीला जातात. बाकावर त्यांचा डोळा लागलेला असताना मुले ओरडून त्यांना जागे करतात. ते एका मुलाला चापट मारतात आणि पुन्हा झोपी जातात. चित्रपट संपतो. निकाल नाही.

येथे दोन्ही प्रकारचे प्रश्न शेजारी शेजारी उभे आहेत. त्या माणसाला साधने का मिळाली नाहीत, याचे उत्तर शोधता येते आणि ते शोधलेच पाहिजे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध देशात २०१३ साली नवा कायदा झाला. गटारात मरण पावणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. अशा प्रश्नावर 'उत्तर देवालाच ठाऊक' असे म्हणणे हा पळपुटेपणा होय. परंतु शेवटच्या क्षणी वासुदेवच्या मनात काय होते, हे कोणी सांगावे? आणि गंमत पाहा : त्या न्यायालयात ज्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते, तो बाजूला राहतो, ज्याचे उत्तर कोणाजवळच नाही, त्याच्या आधारावर मात्र एक माणूस तुरुंगात जातो.

वाचकहो, हे आम्ही पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. पूर्वी आम्ही ज्या एका गावी होतो, तेथील एक प्रसंग सांगतो. गावाचे नाव व साल सांगत नाही. ते कुटुंब आजही तेथेच राहते. एक तरुण संध्याकाळी नदीवर गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी खाली बंधाऱ्याजवळ त्याचे प्रेत सापडले. चपला काठावर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. तो उत्तम पोहत असे. त्याच आठवड्यात नोकरीच्या परीक्षेत तो नापास झाला होता. एवढेच काय ते सर्वांना ठाऊक होते. परंतु तिसरा दिवस उजाडण्याच्या आत गावात तीन कथा तयार होत्या, आणि तिन्ही पूर्ण होत्या. एकीत मुलगी होती, एकीत कर्ज होते, तर एकीत बापाशी झालेले भांडण होते. त्या जोडलेल्या चपलांवर प्रत्येकाने आपापला शेवट उभा केला होता.

दोष केवळ गावाचा नव्हता. अंत्यविधीच्या आदल्या रात्री त्या मुलाच्या आईने आम्हांस विचारले, की तो पडला की त्याने स्वतःच तसे केले. तिचे दुःख आम्हांस पाहवेना. आम्ही घाईघाईने म्हणालो, "बाई, तो घसरलाच असणार." तिने आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, "फादर, तुम्हाले कसं मालूम?"

आजही ते वाक्य आमच्या कानांत आहे. गावाने निंदेपोटी शेवट लिहिला, आम्ही दयेपोटी. पण ज्या मुलाचा तो शेवट होता, त्याच्या हातातील लेखणी दोघांनीही काढून घेतली होती. आमचे उत्तर गोड होते, एवढाच काय तो फरक. खरे की खोटे, हे आम्हांसही ठाऊक नव्हते. आणि त्या माउलीला सोबत हवी होती, तेथे आम्ही तिच्या हाती एक उत्तर ठेवून मोकळे झालो होतो.

होमुराचे तरी याहून काय निराळे आहे? चित्रपटात फुलांच्या एका शेतात मादोका तिला म्हणते, की सर्वांना सोडून दूर जाणे मला कधीच सोसले नसते. परंतु त्या वेळी मादोकाला स्वतःच्या निर्णयाची आठवणच नसते. तेवढ्या एका बोलण्यावरून होमुरा ठरवते, की मैत्रिणीने निवडलेला शेवट चुकीचा होता आणि तो आपण बदलला पाहिजे. तिचे प्रेम खोटे होते असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र दुसऱ्याच्या जीवनाचा अर्थ आपल्याला त्याच्याहून अधिक कळतो, असे मानणारे प्रेम कोठवर जाऊ शकते, हे त्या कथेने दाखवले आहे. इतिहासातही असे घडले. १२४४ साली संत थॉमस अक्विनस यांनी डोमिनिकन संघात प्रवेश केला, तेव्हा त्यांच्या सख्ख्या भावांनी त्यांना वाटेत पकडून सुमारे वर्षभर घरच्या गढीत अडकवून ठेवले. त्याचे भले व्हावे, हीच घरच्यांचीही इच्छा असणार. मुलांनी काय शिकावे, कोणाशी लग्न करावे, हे त्यांच्या वतीने ठरवून टाकणाऱ्या आपल्या घरांतही या प्रेमाची ओळख आहे.

या बाबतीत ख्रिस्तसभाही कालांतराने अधिक सावध झाली, हे येथे सांगितले पाहिजे. १९१७ च्या धर्मविधी संहितेत, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारावा असे स्पष्ट कलम होते. १९८३ च्या संहितेतील यादीत ते राहिले नाही. कृत्य गंभीरच आहे, ही शिकवण बदलली नाही. परंतु १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने असेही सांगितले, की तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करू शकतात, अशा माणसाच्या तारणाविषयी कोणी निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. म्हणजे, शेवटचे पान आपल्या हाती नाही, हे तिने मान्य केले.

पवित्र शास्त्रातही असे अपुरे शेवट आहेत. योनाचा ग्रंथ देवाच्या प्रश्नावर संपतो. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ दाराबाहेर उभा आहे. तो आत गेला की नाही, कोणास ठाऊक? संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत कथा कबरीपासून भयाने पळणाऱ्या, कोणाला काही न सांगणाऱ्या स्त्रियांजवळ थांबते. त्यापुढील वचने ख्रिस्तसभा पवित्र शास्त्राचा भाग मानते. तरीही तो एवढाच शेवट वाचून आरंभीच्या वाचकांनाही चुटपुट लागली असेल, असे आम्हांस वाटते. ही चुटपुट माणसाची जुनीच आहे, आणि तिच्यात पाप नाही. तिच्या भरात आपण कोणाच्या नावावर काय लिहितो, तेथे पापाचा संभव आहे.

सुट्टी संपताना त्या मुलाने पुन्हा विचारले, "मग फादर, होमुरा चांगली की वाईट?" आम्ही म्हणालो, "ठाऊक नाही." त्याला ते आवडले नाही. पुढचा चित्रपट २०२१ सालीच जाहीर झाला आहे, त्यात उत्तर मिळेल, असे तो म्हणाला. मिळेलही. कथेचे ते भाग्य असते.

त्या नदीकाठच्या घरासाठी पुढचा चित्रपट निघणार नाही. त्या गावी असेपर्यंत आम्ही पुष्कळदा त्या घरी जात असू. एकदा धीर करून आम्ही त्या आईला म्हणालो, "बाई, त्या रात्री मी बोललो ते मला ठाऊक नव्हते." ती म्हणाली, "मले माहीत होतं, फादर," आणि चहा ठेवायला आत गेली. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मिस्सेत वाचण्यासाठी घरोघरची नावे येतात. तिच्याकडूनही दर वर्षी एक चिठ्ठी येत असे. तिच्यावर मुलाचे नाव असे, त्याखाली काहीही लिहिलेले नसे. इतर नावांमध्ये ते नाव आम्ही तसेच वाचत असू.